ओल्ड्समोबिल: मधल्या पायरीवरची गाडी आणि तिचं हरवलेलं इंजिन

१९८५ साली अमेरिकेत १० लाखांहून जास्त ओल्ड्समोबिल विकल्या गेल्या. २००० साली तोच आकडा ३ लाखांच्या खाली होता, आणि त्या वर्षी १२ डिसेंबरला जनरल मोटर्सने हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पंधरा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांश गिऱ्हाईक गळालं. खापर सहसा दोन गोष्टींवर फोडतात: जपानी गाड्या आणि एक फसलेली जाहिरात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या नंतरच्या. दुखणं सुरू झालं १९७७-७८ च्या सुमारास, शोरूममध्ये रांगा लागत होत्या तेव्हा, आणि ते बॉनेटखाली होतं.

पायरी कशी तयार झाली

रॅन्सम ओल्ड्स यांनी १८९७ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंग गावी कंपनी काढली. १९०१ ची ‘कर्व्ह्ड डॅश’ ही एका सिलिंडरची, ६५० डॉलरची गाडी. पहिल्या वर्षी ४२५ बनल्या, १९०४ पर्यंत वर्षाला ५ हजारांवर गेल्या. त्याच वर्षी ओल्ड्स स्वतः बाहेर पडले आणि १९०८ मध्ये कंपनी जनरल मोटर्सच्या पोटात गेली.

पुढे आल्फ्रेड स्लोन यांनी जनरल मोटर्सच्या ब्रँडांचा जिना बांधला. तळाला शेवरलेट, मग पाँटिऍक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने शेजारच्या कंपनीकडे न जाता याच जिन्याची वरची पायरी चढायची. ओल्ड्समोबिल बरोबर मधली. तिचा गिऱ्हाईक म्हणजे गावातला डॉक्टर, दुकान जम बसलेला व्यापारी, बढती मिळालेला फोरमन.

मधल्या पायरीची अडचण अशी की स्वस्त असणं हे शेवरलेटचं भांडवल, ऐट हे कॅडिलॅकचं. मधल्याने काय दाखवायचं? लॅन्सिंगचं उत्तर होतं इंजिन आणि गिअरबॉक्स. जनरल मोटर्समध्ये नवं काही आलं की ते बहुधा इथे आधी विकायला ठेवलं जाई. १९४० च्या मॉडेलला ‘हायड्रामॅटिक’ हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स अवघ्या ५७ डॉलर जादा घेऊन मिळत होता. क्लचचं पेडलच नाही. १९४९ मध्ये ‘रॉकेट’ हे ३०३ घनइंचाचं, म्हणजे साधारण ५ लिटरचं व्ही-८ (चाराच्या दोन रांगांत आठ सिलिंडर) इंजिन आलं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, ताकद १३५ हॉर्सपॉवर. ‘९८’ या मोठ्या मॉडेलसाठीचं हे इंजिन हलक्या बॉडीत टाकून त्यांनी ‘८८’ हे मॉडेल काढलं आणि रस्त्यावर तिला गाठणं भल्याभल्यांना जड गेलं. १९६६ च्या टोरोनाडोने ४२५ घनइंचाच्या व्ही-८ ची सगळी ताकद पुढच्या चाकांना दिली.

मधे १९६२-६३ ची जेटफायर येऊन गेली. तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण पुढच्या मोठ्या चुकीची ती छोटी आवृत्तीच आहे. २१५ घनइंचाचं ऍल्युमिनियमचं व्ही-८, त्यावर जादा हवा आत कोंबणारा टर्बो, ताकद २१५ हॉर्सपॉवर. टर्बो असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १०.२५ ठेवलं होतं, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारावं लागे. त्याची वेगळी टाकी भरत राहणं मालकाच्या अंगवळणी पडलं नाही. टाकी कोरडी पडली की झडप टर्बोचा दाब कमी करी आणि गाडी मलूल होई. शेवटी अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवला गेला. यंत्र चलाख होतं. ते ज्याच्या हाती जाणार त्याचा आणि गल्लीतल्या गॅरेजचा विचार मात्र झाला नव्हता.

दोन ‘३५०’, दोन वेगळी इंजिनं

१९७६ मध्ये ओल्ड्समोबिलची कटलस ही अमेरिकेत सर्वाधिक खपणारी गाडी ठरली. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलची वर्षाची विक्री पहिल्यांदाच १० लाखांपलीकडे गेली. लॅन्सिंगची इंजिनं पुरेनात. मग डेल्टा ८८ सारख्या काही गाड्यांत शेवरलेटचं ३५० घनइंचाचं व्ही-८ बसवून त्या पाठवल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकाला सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

आकडा दोन्हीकडे ३५०, पण साम्य तिथेच संपतं. ओल्ड्सचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०५७ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.३८५; शेवरलेटचा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८. बाहेरचे सुटे भागही एकमेकांना चालत नाहीत. भांडं फुटलं तेही असंच. शिकागोत एका मालकाने गाडी कामाला दिली, आणि ओल्ड्समोबिलसाठीचा फॅनबेल्ट आणि ऑइल फिल्टर तिला बसेचना. इलिनॉय राज्याच्या ऍटर्नी जनरलनी खटला भरला, पाठोपाठ इतर राज्यंही उतरली. १९७७ अखेरच्या तडजोडीत मालकांना २०० डॉलर आणि इंजिन-गिअरबॉक्सवर ३ वर्षं किंवा ३६ हजार मैलांची वॉरंटी देऊ केली गेली. पुढे जाहिराती आणि कॅटलॉगांत बारीक टायपात एक ओळ कायमची आली: या गाड्यांत जनरल मोटर्सच्या वेगवेगळ्या विभागांनी बनवलेली इंजिनं असतात.

पैशाच्या दृष्टीने हे प्रकरण किरकोळ होतं. महागात पडला तो बचाव. दोन्ही इंजिनं तोलामोलाची आहेत, अशी अदलाबदल नेहमीची आहे, असं कंपनी म्हणत राहिली. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हतं. शेवरलेटचं ते इंजिन उत्तमच. पण इंजिनात फरक नाही असं कंपनीच म्हणत असेल तर शेवरलेटपेक्षा जास्त पैसे मोजायचे कशाचे?

डिझेल: दहा बोल्टांचं गणित

१९७५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजवर बंधन आलं होतं: १९७८ साठी गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास, आणि १९८५ साठी २७.५ मैल, म्हणजे लिटरला जवळपास १२ किलोमीटर. मोठ्या गाड्या विकत राहायच्या आणि सरासरीही गाठायची, तर डिझेल हा सरळ मार्ग दिसत होता. ते काम ओल्ड्समोबिलकडे आलं आणि १९७८ च्या मॉडेलला ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल मिळालं. ताकद १२० हॉर्सपॉवर. त्याच मापाचं पेट्रोल इंजिन १७० ची देत होतं.

पेट्रोल इंजिनालाच डिझेल बनवलं, असं या इंजिनाबद्दल सर्रास म्हणतात. ते अर्धवट आहे. ब्लॉकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाचं, ओतकाम जास्त जाड होतं, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे मेन जर्नल (बेअरिंगवर टेकणारे भाग) अडीच इंचांवरून ३ इंच केले होते. सुधारलेला नंतरचा ब्लॉक इतका दणकट निघाला की शर्यतीची पेट्रोल इंजिनं बांधणारे आजही तो भंगारात शोधतात. बचत केली ती दुसरीकडे. ब्लॉक आणि हेड पेट्रोलच्याच मशीनवर ड्रिल करता यावेत म्हणून हेडच्या बोल्टांची मांडणी तीच ठेवली: एका हेडला दहा बोल्ट, पाचाच्या दोन ओळी. चार सिलिंडरांना दहा बोल्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरभोवती चार, आणि मधले शेजाऱ्याशी वाटून घेतलेले.

पेट्रोलला हे पुरत होतं, कारण तिथलं कॉम्प्रेशन आठाच्या आसपास. डिझेलचं होतं २२.५. इंधन पेटण्याच्या प्रत्येक ठोक्याला हेड वर उचललं जाई आणि बोल्ट हळूहळू ताणत जात. बोल्ट तुटत नसे, लांब होई, म्हणून वरून काही कळत नसे. पकड सैल झाली की हेड गॅस्केट सुटे आणि कूलंट सिलिंडरमध्ये उतरे. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि वर पाणी असलं तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड, फुटतो तो पिस्टन. आणि हेड उतरवून नुसतं गॅस्केट बदललं, ताणलेले जुनेच बोल्ट परत आवळले, तर काही महिन्यांत गाडी पुन्हा दारात उभी. पेट्रोलच्या सवयीने काम करणाऱ्या गॅरेजांत नेमकं हेच होण्यासारखं होतं.

दुसरी बचत इंधनाच्या वाटेवर केली. त्या काळच्या अमेरिकी डिझेलमध्ये पाणी सापडणं नवलाचं नव्हतं, तरी टाकी आणि पंपाच्या मधे पाणी वेगळं काढणारा सेपरेटर दिला नव्हता. ट्रकवाल्याला विचारलं असतं तर त्याने पहिल्या झटक्यात हेच सांगितलं असतं. रोटरी इंजेक्शन पंपाचे आतले भाग अतिशय काटेकोर मापाचे असतात, पाण्याने त्यांना गंज धरे. थंड प्रदेशातल्या मालकांना इंधनातलं पाणी घालवायला अल्कोहोलची बाटली ओतायची पेट्रोलच्या दिवसांपासून सवय होती. डिझेलमध्ये तेच केल्यावर अल्कोहोलने पंपातले रबरी सील खराब केले. पंपातल्या, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरमधली लवचीक रिंग तशीही काळाने विरघळून चुऱ्यासारखी होई. तो चुरा पंपाची रिटर्न लाइन तुंबवी, पंपातला दाब बिघडे आणि गाडी मधेच बंद पडे. मेकॅनिक आधी टाकी धुई, फिल्टर बदले. रोग असे पंपाच्या पोटात.

तिसरा भाग टायमिंग चेनचा. पंप कॅमशाफ्टवरून, म्हणजे या चेनने फिरणाऱ्या दांड्यावरून, फिरत असल्याने चेन ढिली झाली की इंजेक्शनचं टायमिंगही मागे सरके: धूर जास्त, ओढ कमी, थंडीत स्टार्टिंगला त्रास. पेट्रोल इंजिनात खपून जाणारा ढिलेपणा इथे खपत नसे.

यातल्या कुठल्याच दोषाला मोठ्या संशोधनाची गरज नव्हती. ही इंजिनं जपणारे हौशी लोक आज काय करतात ते पाहिलं की हे पटतं: बोल्टांच्या जागी जास्त ताकदीचे स्टड, टाकी आणि पंपाच्या मधे सेपरेटर, पंपातली रिंग नव्या प्रकारची, चेन नवीन. एवढं केलं की हेच इंजिन निमूटपणे चालतं. कारखान्यातही सुधारणा होत गेल्या, १९८१ पासूनचा ब्लॉक पुष्कळ बरा होता. पण तोवर हे डिझेल कॅडिलॅक, ब्युइक, पाँटिऍक, शेवरलेट, पिकअप सगळीकडे पोहोचलं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव एकच, ओल्ड्सचं डिझेल.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर जनरल मोटर्सने तडजोड केली. तक्रारी लवादाकडे न्यायच्या ठरल्या, आणि त्या यादीत या डिझेलचे पंप आणि इंजेक्टर, टीएचएम २०० हा गिअरबॉक्स आणि काही पेट्रोल इंजिनांचे कॅमशाफ्ट व लिफ्टर होते. सदोष गाडी परत घ्यायला लावणारे ‘लेमन लॉ’ १९८२ पासून एकेका राज्यात येऊ लागले, त्यामागच्या संतापात या गाड्यांच्या मालकांचाही वाटा होता. १९८५ च्या मॉडेलनंतर डिझेल बंद झालं. पुढची कित्येक वर्षं अमेरिकी माणूस डिझेल मोटारीचं नाव काढलं की नाक मुरडायचा, ती या इंजिनाची कमाई.

आकडे चांगले होते, हीच अडचण

एवढं होऊन १९८५ हे विक्रीचं शिखर. मागचे गिऱ्हाईक नावावर विसंबून येत राहिले, आणि मागच्या चाकांवर चालणारी कटलस सुप्रीम व पुढच्या चाकांवरची कटलस सिएरा दोन्ही धोधो खपत होत्या. अशा वेळी कारखान्यात कोणी ‘थांबा’ म्हणत नाही.

सिएरा ज्या सांगाड्यावर होती त्याच्यावरच शेवरलेट सेलेब्रिटी, पाँटिऍक ६००० आणि ब्युइक सेंच्युरी. दरवाजे, छत, काचा जवळपास त्याच. १९८३ च्या ऑगस्टमध्ये फॉर्च्युन मासिकाने या चौघी एकाच रंगात शेजारी उभ्या करून मुखपृष्ठावर छापल्या. पुढची जाळी झाकली तर कुठली कोणती हे सांगणं अवघड. त्यावर जनरल मोटर्सची १९८४ ची फेररचना आली: ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक एका गटात, शेवरलेट, पाँटिऍक आणि कॅनडातला विभाग दुसऱ्यात. लॅन्सिंगचे इंजिनियर आता ओल्ड्समोबिलसाठी नव्हे, गटासाठी काम करू लागले. एक पायरी वर जायचं म्हणजे आता नेमकं कुठे जायचं, हे गिऱ्हाइकाला दिसेनासं झालं.

१९८६ ला टोरोनाडो छोटी झाली आणि तिची विक्री एका वर्षात ४२ हजारांवरून १६ हजारांच्या खाली घसरली. कटलस हे नाव तर सवंग झालं होतं. एका शोरूममध्ये कटलस सुप्रीम, कटलस सिएरा, कटलस कॅलेस, तिन्हींचे सांगाडे वेगळे, किमती वेगळ्या. गिऱ्हाईक ‘कटलस दाखवा’ म्हणून आला की सेल्समनने आधी उलटतपासणी घ्यायची. जुन्या मालकाला त्याची जुनी कटलस त्यात कुठेच सापडत नव्हती.

इंजिनांचं म्हणाल तर लॅन्सिंगने क्वाड ४ नावाचं २.३ लिटरचं चार सिलिंडरी, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन काढलं. १५० हॉर्सपॉवर, कागदावर दृष्ट लागण्यासारखं. पण थरथर कमी करणारे बॅलन्स शाफ्ट नव्हते, ते १९९५ ला बसले, म्हणून होंडातून उतरून यात बसणाऱ्याला ते खडखडाटी वाटे. लॅन्सिंगच्या जुन्या घराण्यातलं शेवटचं पेट्रोल व्ही-८, ३०७ घनइंचाचं, १९९० मध्ये बंद झालं.

१९८८ ची ती गाजलेली मोहीम या पार्श्वभूमीवर आली. ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे, अशा आशयाची. बीटल्सचे रिंगो स्टार एका जाहिरातीत, विल्यम शॅटनर दुसऱ्या जाहिरातीत. ओळ लोकांच्या तोंडी बसली, गाड्या खपल्या नाहीत. शोरूममध्ये येणारे गिऱ्हाईक हे वडीलच होते, त्यांना ते टोचलं. आणि जाहिरात पाहून आलेल्या मुलाला आत दिसली ती सिएराच. तरीही सगळा दोष जाहिरातीला देणं मला पटत नाही. विकायला वेगळं काही नसताना जाहिरातवाल्याने तरी काय करावं?

औषध बरोबर, वेळ चुकलेली

१९९० पर्यंत विक्री शिखराच्या निम्म्यावर आली होती. त्याच वर्षी जनरल मोटर्सने सॅटर्न हा कोरा करकरीत ब्रँड काढला; जिन्याची मधली पायरी डुगडुगत असताना तळाला नवी पायरी बसवली. १९९२ मध्ये ओल्ड्समोबिल बंद होणार अशा बातम्या उठल्या. तिथे सूत्रं घेतलेल्या जॉन रॉक यांनी ठरवलं की जुनं नाव जपण्यापेक्षा परदेशी गाड्यांचा गिऱ्हाईक ओढायचा.

१९९५ च्या मॉडेलची ऑरोरा हे त्याचं पहिलं फळ. ४ लिटरचं, २५० हॉर्सपॉवरचं व्ही-८, कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनावरून बेतलेलं पण फक्त याच गाडीसाठी. किंमत ३१ हजार डॉलरच्या वर. गाडीच्या अंगावर बाहेर कुठेही ‘ओल्ड्समोबिल’ हे नाव नव्हतं. नाव लपवून गाडी विकावी लागते, एवढ्यावरून दुखणं किती मुरलं होतं ते कळावं. पाठोपाठ इंट्रिग आली आणि तिला ३.५ लिटरचं व्ही-६ मिळालं, २१५ हॉर्सपॉवरचं. तेही इतर कुठल्या ब्रँडला दिलं नाही. म्हणजे वीस वर्षांनी ओल्ड्समोबिलला पुन्हा स्वतःची म्हणावी अशी इंजिनं मिळाली. गाड्या चांगल्याही होत्या. पण १९९९ पर्यंत कटलस आणि ८८ ही दोन्ही नावं पुसली गेली होती, त्यामुळे जुना गिऱ्हाईक हक्काने मागेल असं काही उरलं नाही, आणि लेक्सस-अक्युराच्या मालकाला या दारात यायचं कारण नव्हतं.

बंद करणंही स्वस्त नसतं

बंदीची घोषणा झाली तेव्हा देशभरात सुमारे २,८०० विक्रेते होते. अमेरिकेत जवळपास प्रत्येक राज्यात विक्रेत्यांना संरक्षण देणारे फ्रँचायझी कायदे आहेत. पत्र पाठवून करार संपवता येत नाही. विक्रेत्यांची भरपाई आणि इतर खर्च मिळून हिशेब १ अब्ज डॉलरच्या आसपास गेला, तरी काही जण कोर्टात गेलेच. ब्रँड एका रात्रीत बंद न करता साडेतीन वर्षं ओढत नेला त्यामागे हेही एक कारण. आपल्याकडे याच कंपनीने २०१७ अखेर शेवरलेटची विक्री थांबवली तेव्हा भारतीय विक्रेत्यांच्या हातात असा कायदा नव्हता. त्यांना करारातल्या कलमांवरच भांडावं लागलं. तळेगावचा कारखाना त्यानंतर तीन वर्षं निर्यातीसाठी चालला आणि २०२० च्या डिसेंबरात थांबला.

ओल्ड्समोबिलच्या गाड्या एकेक करून संपत गेल्या. २००२ मध्ये इंट्रिग, २००३ मध्ये ऑरोरा, २००४ च्या सुरुवातीला ब्राव्हाडा आणि सिलुएट. प्रत्येक मॉडेलच्या शेवटच्या ५०० गाड्या गडद चेरी रंगात काढल्या. २९ एप्रिल २००४ ला लॅन्सिंगमध्ये शेवटची अलेरो लाइनवरून उतरली. १०७ वर्षांत साडेतीन कोटींहून जास्त गाड्या झाल्या, त्यातल्या निदान १ कोटी ४० लाख एकट्या लॅन्सिंगच्या. त्या वर्षी अलेरोला मिळणारी दोन्ही इंजिनं, २.२ लिटर चार सिलिंडरी आणि ३.४ लिटर व्ही-६, पाँटिऍक आणि शेवरलेटच्या गाड्यांतही होती. लाइनवरच्या कामगारांनी त्या शेवटच्या गाडीवर सह्या केल्या, बॉनेट उघडून, आतल्या बाजूला.